वरच्या गल्लीचं मीटर आणि वारं

४ मार्च
नळाला पाणी करंगळीएवढं, मीटरचा काटा मात्र गरागरा. एक घागर भरली नाही तोच ग्रा.पं.चा मारोती आकडा बघून म्हणाला, "म्याडम, तुमचा वाटा सपला." आठवडाभर आमच्या नळाचा कॉक बंद! नवा नियम: मीटरवर ठरलेला आकडा झाला की पाणी तोडायचं. पाणी गेलं कुठं?

६ मार्च
शाळा सुटल्यावर जळकोटात प्लंबरकडे जुनं मीटर उघडून पाहिलं. आत पंख्यासारखं चाक, ते फिरलं की आकडे सरकतात. फुंकर मारली. फिरलं! ढकलणारं पाणी की वारं, त्याला सोयरसुतक नाही. चढावर पाण्याआधी पाईपातली हवा येते, तीच आमच्या नावावर.
सरपंचांना म्हटलं, हवा जायला लाईनवर तोटी बसवा. "वरून मंजुरी पायजे. अन् मशीन खोटं बोलत न्हाई, म्याडम." डोकं फिरलं.

८ मार्च
आपलंही चुकतंच. गल्लीभर नळ कायम उघडे, खाली घागर. फुसफुसलं की पळायचं. ती फुसफुसच मोजली जाते! नळ बंद ठेवा म्हटलं, तर सासूबाई, "मंग पानी आल्यालं कळंल कसं? नळाला कान लावून बसू का?"
पालथ्या घड्यावर पाणी. तेही नाही म्हणा.

११ मार्च
आमचा कॉक सुटला. घरोघर हातापाया पडून सगळे नळ बंद ठेवायला लावले. काटे हलले नाहीत. पाणीही आलं नाही! हवा अडकली, पाणी चढेना. एक तरी नळ उघडा हवा. कुणाचा? जो तो दुसऱ्याच्या नळाकडे बोट दाखवी. शेवटी शांताकाकू, "तुमालाच लई समजतंय, तुमचाच ठिवा." शेजारच्या, रोजच्या चहाच्या. मी नको ते बोलले.

१३ मार्च
शाळेतून आले तर गल्लीत घागरी भरलेल्या. आमचा कॉक बंद. सासूबाईंनीच नळ उघडा ठेवला होता. हवा गेली, पाणी आल्याची हाक गल्लीला त्यांनीच दिली. आमचा वाटा वाऱ्यावर गेला.
सासूबाईंना विचारलं, "आत्या, का?"
"कुनाचा तरी उघडा पायजेच व्हता, बाई."
लई राग आला.
संध्याकाळी शांताकाकू आल्या. भरलेली कळशी उंबऱ्यावर ठेवली, उभ्याच राहिल्या. परवा परत पाणी सुटेल, आमचा कॉक बंद असेल. मग हवा कुणाच्या नळातून, हे मी विचारलं नाही. चहा टाकला.