एका टोपातली कावीळ

आई, तुझ्या खाणावळीत जेवणाऱ्या तिघांना एकदम कावीळ झाली होती, त्या दिवसांबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. लालबागच्या त्या दोन खोल्यांत गिरणीतले मेंबर पाळीप्रमाणे जेवायला यायचे आणि मी भाकऱ्या वाढायचे. एका संध्याकाळी आपल्याच गावचे काका चपला न काढता बाहेरच उभे राहिले. "वैनी, राग मानू नकात. डाक्टर म्हणता, भायरचा खाव नको." तू पळी हातात धरून विचारलंस, "माझा जेवाण भायरचा कधीपासून झाला?" ते मान खाली घालून गेले. मागोमाग बाकीचेही यायचे थांबले. तू मात्र रोजच्याएवढाच भात शिजवत राहिलीस. थोडा कमी टाक ना, म्हटलं तर माझ्यावर खेकसलीस, "कमी रांदलंय तर तेंचा म्हणणा खरा होतला." काही महिन्यांनी मेंबर परत आले, पण सगळे नाही.

आता मी परळलाच एका प्रयोगशाळेत विषाणूंचं काम करते. गेल्या महिन्यात जवळच्या वसतिगृहातल्या काही मुलींना कावीळ झाली आणि सगळे मेस चालवणाऱ्या बाईंकडे बोट दाखवू लागले. मेस बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. मुलींचे नमुने आमच्याकडे आले. काविळीचा हा विषाणू शरीरात स्वतःच्या नकला काढतो. नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या नकलांतही उतरते. आम्ही त्याची अक्षरं ओळीने वाचतो, त्याला सिक्वेन्सिंग म्हणतात, आणि कोणाच्या चुका कोणाशी जुळतात ते पाहून वंशावळ मांडतो. सगळ्यांना एकाच हातातून, एकाच टोपातून बाधा झाली असती, तर त्यांचे विषाणू जवळपास सारखे निघाले असते. ते चांगलेच वेगळे निघाले. हा विषाणू सावकाश बदलतो. एवढं अंतर पडायला वर्षं लागतात. म्हणजे ही निरनिराळी घराणी आधीपासूनच शहरात फिरत होती.

बाई स्वतःच आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी संगणकावर वंशवृक्ष दाखवायला लागले तर मध्येच म्हणाल्या, "मॅडम, ते झाडबिड राहू द्या. माझ्या हातून झालं की नाय, तेवढं बोला."

"एकाच माणसाकडून सगळ्यांना गेलेलं दिसत नाही," मी म्हणाले. "पण पाइपात गटाराचं पाणी शिरलं असेल, तर त्यातून अनेक प्रकारचे विषाणू एकदम येऊ शकतात. ते यातून कळत नाही."

"पाइप काय मी टाकलाय?" म्हणाल्या आणि हसल्या. मलाही हसू आलं. अहवालात मी बाईंना सांगितलं तेवढंच लिहिलं, एक शब्द जास्त नाही. मेस चालू राहिली आणि पाइप तपासायला घेतला.

अहवालावर सही करताना वाटलं, तुझ्या वेळी असे कोणी विषाणू वाचले असते तर तूही सुटली असतीस. मग लगेच स्वतःला विचारलं, हे मला कशावरून माहीत? कदाचित तेव्हा कावीळ आपल्याच माठातून गेली असेल. नमुने नाहीत, त्यामुळे तुला सोडवता येत नाही आणि अडकवताही येत नाही. पूर्वी असा विचार आला असता तर तुझा अपमान केल्यासारखं वाटलं असतं. आता तसं वाटत नाही. तू चांगली रांधायचीस आणि मला माहीत नाही, ही दोन्ही वाक्यं मी आता शेजारी शेजारी ठेवू शकते. त्याचं समाधान वाटतं.

काल बाईंनी आग्रहाने जेवायला बोलावलं. वाफाळलेला भात, कुळथाची पिठी, तळलेला बांगडा. मी भात दोनदा मागून घेतला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. पाण्याचा अहवाल अजून यायचा होता. "उकळलेलं आहे हां," म्हणत त्यांनी भरलेला पेला पुढे ठेवला, आणि त्या आत वळल्या तेव्हा मी घाईघाईने माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.