विस्तवाच्या सहा पुस्तकांची यादी

बाई,

बार्बेक्यूच्या पुस्तकांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बार्बेक्यू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. विस्तवावर जाळी टाकून मांस भाजायचं, नाहीतर झाकण लावून धुरावर तासन् तास शिजवायचं. आपल्या काळात याला नुसतं भाजणं म्हणत आणि ते कुणी पुस्तकातून शिकत नसे. आता लातुरात गच्च्यांवर आडवे कापलेले लोखंडी ड्रम दिसतात. पोरं हौसेनं पेटवतात, अर्धं करपवतात, अर्धं कच्चं खातात आणि मग वाचनालयात येऊन विचारतात, "मॅडम, अगदी पहिल्यापासून शिकवणारं पुस्तक आहे का?" कमिटीनं ठरवलं की नवशिक्यांसाठी सहा पुस्तकांची यादी फलकावर लावायची. आणि ती करायची कुणी, तर निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या मी. का, तर म्हणे, "तुम्ही त्या बाईंच्या हाताखालच्या." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्या हाताखालचीच आहे. खरं सांगते, थकले आहे मी.

तुमचा नियम अजून सगळ्यांच्या तोंडात आहे. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तुम्ही ग्रंथपाल म्हणून नांदेडहून आलात, आणि बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आपलं वाचनालय सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सांगितलंत, पाककृतीचं पुस्तक कुणीतरी घरी करून पाहिल्याशिवाय फळीवर ठेवायचं नाही. करून पाहिलं की काय जमलं, काय फसलं, ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी शेवटच्या पानामागे चिकटवायची. लोणच्यांचं पुस्तक करून पाहायला तुम्ही मला घरी बोलावलं होतं. तुम्ही पाटावर बसला आहात, पुस्तक डब्याला टेकवून उघडं ठेवलंय, आणि एकाएकी हसत सुटता. "चवीपुरतं मीठ म्हणतोय बघ हा. कुणाच्या चवीपुरतं? ह्याच्या का माझ्या नवऱ्याच्या?" त्या चिठ्ठीवर तुम्ही लिहिलंत, मीठ लेखकाला विचारावं लागेल. मी विशीतली, आमच्या वस्तीतली पहिली नोकरीला लागलेली मुलगी. तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुमच्याच ताटात जेवले, आणि घरी जाऊन आईला दहा वेळा सांगितलं.

दुष्काळाच्या साली कबाब आणि भाजलेल्या मांसाचं एक जाडजूड पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं. तुम्ही मटण खात नव्हता. तुम्ही ते माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "हे तू करून बघ. तुमच्यात होतंय ना हे सगळं." तुमच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा ते लागलं. तुमच्यात, हा एवढाच शब्द घेऊन मी घरी गेले. आमच्या घरी मटण व्हायचं ते महिन्यातून एकदा, आणि त्या वर्षी तर तेही नाही. पुस्तक आठ दिवस फडताळात पडून राहिलं. नवव्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली, "करून पाहिलं. छान होतं. नवशिक्यालाही जमेल." रागानंच लिहिली. पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, बाई.

पंधरा दिवसांनी एक बाई आली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. हाताला चिंध्या बांधलेल्या. वाचता जेमतेम यायचं, पण चित्रं बघून कळतं म्हणाली. जिल्हा झाल्यामुळे कचेऱ्या आल्या होत्या, कचेऱ्यांमागून परगावचे बाबू आले होते, आणि संध्याकाळी त्यांना खायला चांगलं काही मिळत नव्हतं. तिनं ते बरोबर हेरलं होतं. "स्टँडापाशी कोंबडी भाजून इकावी म्हंते. खडी फोडून फोडून जीव गेला. पर जरा शहरावानी करायला पायजे, लोकं नाकं मुरडत्यात." तुम्ही ते पुस्तक काढलंत, माझी चिठ्ठी वाचलीत आणि तिच्या हातात दिलंत. "हिनं स्वतः करून पाहिलंय," तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात. मी मान हलवली.

चार दिवसांनी ती परत आली. पुस्तक पदरात गुंडाळून आणलेलं, एक डाग नाही. म्हणाली, "पुस्तक चांगलं हाय ओ बाई, पर पानी लई पितंय." पुस्तकात लिहिलं होतं, बांबूच्या काड्या रात्रभर पाण्यात भिजवा, धुरासाठी लाकडाचे तुकडे भिजवा, विस्तवाशेजारी पाण्यानं भरलेलं तसराळं ठेवा. तिच्या घरात दोन दिवसांचं मिळून दोन घागरी पाणी होतं. त्यातली एक तिनं काड्यांना आणि लाकडांना घातली. पुस्तकात छापलंय, वाचनालयातल्या मुलीनं करून पाहिलंय, म्हणजे तसंच करायला हवं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. सासू तापानं फणफणलेली, पाणी पाणी करत होती. शेजारणीनं तांब्याभर दिलं म्हणून निभावलं. नवऱ्यानं काड्या चुलीत घातल्या आणि बजावलं, पुन्हा कोंबडीचं नाव काढायचं नाही. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. पुस्तकातलं जमलं नाही म्हणून माफी मागत होती.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, "आमच्या आडाला पाणी आहे बाई, आम्हाला काही अडचण आली नाही." आमचा आड माघातच आटला होता. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "हाव, चूक माझी हाय. पुस्तक देताना पानी कुठनं आणती, हे मी इचारलंच न्हाई. नांदेडला गोदावरीकाठी ऱ्हाऊन मला पान्याची अक्कलच न्हाई." एरवी तुम्ही छापल्यासारखं बोलायच्या, पण मनाला लागलं की तुमची नांदेडची बोली वर यायची. त्याच दिवशी तुम्ही घरची भरलेली कळशी रिक्षात घालून तिच्या वस्तीवर नेऊन दिलीत. मला बरोबर नेलंत. कळशी माझ्या मांडीवर होती. तेव्हा बोलायला हवं होतं.

मग तुमचे ते दोन प्रश्न सुरू झाले. आग कुठं पेटवणार? पाणी कुठनं आणणार? पाककृतीचं पुस्तक न्यायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही हे विचारायच्या. नव्या ग्रंथपालांच्या शिबिरात, औशाला, शिरूर अनंतपाळला, जिथं बोलावलं तिथं तुम्ही ही गोष्ट सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "चूक माझी होती." मी पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. तुमच्या निरोपसमारंभातही तुम्ही हीच सांगितलीत. शेवटी नांदेडला तुम्हाला भेटायला आले, तर उशीशी बसलेल्या सुनेला तुम्ही तीच सांगत होता, आवाज जात होता तरी. मी तुमच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला. ती बाई मला एकदाच दिसली, औशाच्या रस्त्यावर, बसच्या खिडकीतून. खडी फोडत होती. तिनं मला ओळखून हात वर केला. मी दुसरीकडे पाहिलं. चूक तुमची नव्हती, माझी होती. तुम्ही जन्मभर ती आपल्या नावावर सांगितलीत आणि मी ती सांगू दिली.

तर ही यादी. पाच पुस्तकं मी खरोखर करून पाहिली, गच्चीवर भाच्याचा ड्रम मांडून, डोळे चोळत. पहिलं पुस्तक सगळ्यांत चांगलं. त्यात चाळीस पानं एकही पदार्थ नाही, नुसता विस्तव. निखारे एका बाजूला ओढायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची, म्हणजे करपायला लागलं की मांस तिकडे सरकवता येतं. नवशिक्यानं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल. दुसरं हॉटेलातल्या आचाऱ्याचं, तो गृहीत धरतो की हाताखाली चार माणसं आहेत. तिसरं परदेशी, ते सफरचंदाच्या लाकडाचा धूर करा म्हणतं. लातुरात सफरचंद गाड्यावर मिळतं, त्याचं लाकूड कुठून आणायचं? मी बाभळीवर केलं, छान झालं. कडुनिंबावर करू नका, कोंबडी औषधासारखी लागते, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. चौथं भाज्यांचं, तुम्हाला आवडलं असतं. पाचव्यातलं तसराळं मी भरलं नाही. रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते साल तुम्ही पाहिलं नाहीत, मी पाहिलंय. काड्याही भिजवल्या नाहीत, टोकं जळली आणि मांस नीट झालं. ती बाई त्या एका घागरीशिवायही कोंबडी विकू शकली असती, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

सहावं पुस्तक आख्खी कोंबडी मंद धुरावर सात-आठ तास कशी ठेवायची याचं. गुडघे दुखत होते, खोकला थांबत नव्हता, आणि यादी सोमवारी लावायची होती. मी चिठ्ठी लिहिली, "करून पाहिलं. नवशिक्यालाही जमेल." मंगळवारी सकाळी रेणापूरचा एक माणूस ते घेऊन गेला. चाळिशीचा असेल. ड्रायव्हरकी सोडलीय, रेणापूर रोडला टपरी टाकलीय, रविवारी उद्घाटन आहे. चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, तुमी करून पाहिलंय म्हणल्यावर मला टेन्शन न्हाई." आत कोंबडी कच्ची राहते का, आपल्याकडची सोललेली कोंबडी तेवढा वेळ टिकते का, मला काही माहीत नाही. तुमच्या दोन प्रश्नांतला एकही मी त्याला विचारला नाही, कारण त्यानं उलटून मला काही विचारलं असतं.

आज शुक्रवार. त्याचा फोन नंबर रजिस्टरमधून उतरवून आणलाय, या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलाय. जेवण झाल्यावर त्याला फोन करायचा म्हणून बसले होते, आणि तुम्हाला लिहायला घेतलं.