स्क्रीनवरचं ‘हो’

२ जून
लॅबमधे नवी मशीन आली. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा आत ठेवायचा. मशीन अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढते, मंग मेण भरते. दुसऱ्या दिवशी आपण त्या मेणाच्या ठोकळ्याचे, म्हणजे ब्लॉकचे, पातळ काप काढून काचेवर रंगवायचे. आमच्या डॉक्टर वेदिका मॅडमनं विचारलं, धर्मेंद्रभाऊ, जमेल ना? सव्वीस वर्षं हातानं हेच केलं. मशीनले मीच शिकवीन.
संकल्प: मॅन्युअल पूर्ण वाचणे.

९ जून
मॅन्युअल पान चारपर्यंत झालं. बाकी कॉमन सेन्स.

२१ जून
मशीन विचारून राहिली, अल्कोहोल बदललं का? ‘हो’ दाबल्याशिवाय पुढं सरकतच नाही. झाकण उघडून वास घेतला. फर्स्ट क्लास! ‘हो’ दाबलं. आम्ही नाकानंच काम केलं, एक ब्लॉक बिघडला नाही. दोन बिघडले, पण ते उन्हाळ्यामुळं.

५ जुलै
पुन्हा तेच विचारते. लय संशयी आहे बुवा. हो.

११ जुलै
हो.

१७ जुलै
कौसल्याताई उमरेडहून एसटीनं आली. माझी मोठी बहीण, माय गेल्यावर तिनंच मले वाढवलं. छातीतली गाठ काढली, हरभऱ्याएवढी. कॅन्सर आहे का नाही, ते आता आमच्या रिपोर्टवर. भेव वाटते का, विचारलं. तं म्हणे, तू आहेस ना गा तिथं, मंग मी काहून भेऊ?
मॅडमनं अख्खी गाठ तपासाले घेतली. मशीनमधे मी स्वतः ठेवली. स्क्रीननं विचारलं. घाईत होतो. हो.

१८ जुलै, स. ११.३०
ताईचा ब्लॉक नरम, गिळगिळीत. ब्लेड लावलं की चुरा. लाईटचा प्रॉब्लेम असन. मॅडमले सांगायची गरज नाही, हात बसला आहे माझा.

दु. २.१०
अजून थोडं कापून पाहिलं.

दु. ४
मेणात गाठीचं काही उरलं नाही.

१९ जुलै
बाकीचे ब्लॉकही नरम निघाले, पण त्यांचे तुकडे बाटल्यांत शिल्लक होते. मॅडमनं मशीनमधली यादी काढली. तारीख, वेळ, ‘बदललं: हो’. चार वेळा. मंग स्टोअर उघडलं. अल्कोहोलचे कॅन सीलबंद. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्याच कापाले थांबून सांगितलं असतं भाऊ, तं परत प्रोसेस करून वाचवला असता.
बाथरूममधे जाऊन रडलो.

२० जुलै
ताईले फोन केला. मशीननं बिघडवलं म्हणून सांगितलं. आता रिपोर्ट नाही, दर तीन महिन्यांनी तपासायचं आणि वाट पाहायची. ती मंग म्हणे, जाऊ दे गा, तू होता म्हणून कळलं तरी. दुसऱ्यानं सांगितलंबी नसतं.
संकल्प: उद्या खरं सांगणे.

३ ऑगस्ट
सांगितलं नाही. ताईनं तुरीच्या डाळीची पिशवी पाठवली, माझ्यासाठी.
इतके दिवस मशीन बंद होती, आज सगळं अल्कोहोल बदललं. एकेक डबा धुतला. स्क्रीननं विचारलं. हो दाबलं. मंग यादी उघडून पाहिली. आजची ओळ आधीच्या चार ओळींसारखीच दिसते.