कॅप्टन बाकावर

डोंबिवली (पूर्व)
१८ ऑगस्ट २०२५

ती. भाऊंना मुकुलचा सा. न. वि. वि.

देवरुखला सुखरूप पोचलात हे सरोजताईने कळवलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचलेलं तुमच्या मते वाचलेलंच नसतं, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पेन हातात धरलंय. अक्षराला हसू नका.

कॉलेजची फुटबॉल टीम तुम्ही सोडली होतीत तशीच आहे. युनिव्हर्सिटीची ट्रॉफी ऑफिसच्या कपाटात आहे आणि प्रिन्सिपल सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवतात. स्टाफ म्हणजे अजून आम्ही तिघंच. मी, गोलकीपर बघणारा सहदेव, आणि फिजिओ म्हणून तुमची सून रसिका. सहदेव आंबिवलीहून सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर येतो आणि उशिरा आलो म्हणून मलाच झापतो.

आता मुख्य सांगतो. सीझनच्या आधी सगळ्या पोरांच्या हृदयाची तपासणी करायचीच, असं यंदा रसिकाने धरून ठेवलेलं. ती सकाळी जिथे काम करते त्या हॉस्पिटलात सगळ्यांना नेलं. पोरांनी फुल टिंगल केली. पण नयनचा रिपोर्ट चांगला नाही आला, भाऊ. आपला नयन भोईर, तुम्ही कोपरच्या खाडीकडच्या मैदानात अनवाणी खेळताना हेरलेला, यंदाचा कॅप्टन. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड आहे म्हणतात. जन्मापासूनचं असतं हे. डॉक्टर म्हणाले, खेळ ताबडतोब थांबवा.

त्याला अजून पूर्ण सांगितलं नाहीये. काय करू ते कळवा. ताईला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या, आत्ता त्याची गरज आहे.

तुमचा
मुकुल

*

देवरुख
२६ ऑगस्ट २०२५

चि. मुकुल यास, भाऊंचे आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षराला हसलो, तेवढे माफ कर.

रसिकाला म्हणावे, आमच्या काळी जीभ बघायची, पायाची नखे बघायची आणि मैदानाला चार फेऱ्या मारायला लावायच्या, एवढीच तपासणी होती. यंत्रांना कुठेही काहीतरी दिसते. नयनसारखा दमसास असलेला मुलगा मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिला नाही. शेवटच्या मिनिटाला तो पहिल्या मिनिटासारखा धावतो. त्याच्या हृदयात खोट असेल तर आपण सगळे कधीच आडवे व्हायला हवे होतो.

तरीही मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखव, आणि तोवर त्याला पळवू नकोस. मुलाला अंधारात ठेवू नकोस. त्याला दुसरीकडून कळले तर तुझ्यावरचा विश्वास जाईल.

इकडे सरोजच्या शाळेतल्या मुलींना मी फुटबॉल शिकवू लागलो आहे. त्या काय बोलतात ते मला ऐकू येत नाही, म्हणून मी फक्त शिट्टी वाजवतो आणि हातवारे करतो. सरोज म्हणते, असा गुणी कोच शाळेला प्रथमच मिळाला.

रसिकाला माझे बोलणे चेष्टेने घ्यायला सांग. दोघांनी प्रकृती सांभाळा आणि या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.

भाऊ

*

डोंबिवली
१४ सप्टेंबर २०२५

ती. भाऊ,
सा. न. वि. वि.

मुंबईला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी नयनला बाहेर न बसवता समोर घेऊन सांगितलं. कदाचित म्हातारा होईपर्यंत काही होणार नाही, कदाचित पुढच्याच मॅचला खाली पडशील, यातलं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण धावपळीचा खेळ खेळू नकोस. नयनने एकच विचारलं, गोलकीपर म्हणून खेळलो तर? डॉक्टर नाही म्हणाले.

मग मी आणि रसिका कोपरला त्याच्या घरी गेलो. त्याची आई रंभाताई हळदीच्या, लग्नाच्या जेवणासाठी तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. पीठ मळता मळताच ऐकत होती. रसिकाने विचारलं, घरात कोणी असं अचानक गेलंय का. तिचा हात थांबला. नयनचे वडील मेहुण्याच्या हळदीत नाचता नाचता पडले, तिशीतच. कोणी म्हणालं उष्माघात, कोणी म्हणालं पिऊन होता. ती म्हणाली, बाई, माझा माणूस दारूला शिवत नव्हता, पण माझं कोण ऐकतंय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, सर, याचा खेळ बंद करा. नयन दारातच उभा होता. चपला घालून निघून गेला.

सहदेव दोन दिवस माझ्याशी भांडला. पोराला मारून टाकतोयस तू, म्हणाला, बाहेर बसवून. आणि मग स्टोअररूममध्ये जाऊन रडला. प्रिन्सिपल सरांनी आडून सुचवलं की दुसरा एखादा डॉक्टर सर्टिफिकेट देईल. मी नाही म्हटलं. नयनला कॅप्टनच ठेवलंय, पण बाकावर, आमच्या शेजारी, ट्रॅकसूटमध्ये. त्याने टीम बघायची, आम्हाला सांगायचं. तो बघतो, सांगतोही. पण त्याचे पाय स्वस्थ नसतात, बाकाखाली सारखे हलत असतात.

माझं बरोबर चाललंय ना, भाऊ? उत्तर लवकर द्या, आणि माया आहे तशीच राहू द्या.

मुकुल

*

देवरुख
२२ सप्टेंबर २०२५

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात यंत्रांची थट्टा केली. ती करायला नको होती. रसिकाने जे केले ते आपल्यापैकी कुणालाही सुचले नव्हते.

तुझे बरोबर चालले आहे. बरोबर वागून इतके वाईट वाटावे, यावर मात्र माझ्यापाशी इलाज नाही. सहदेववर रागावू नकोस. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

सोबत नयनसाठी वेगळे पाकीट आहे. तुम्ही कुणी फोडू नका. लिहून झाल्यावर वाचले तेव्हा उपदेश फार झालासे वाटले, पण दुसरे लिहिता येईना. त्याच्या हातात दे.

सरोजने पाठवलेली कोकमे मिळाली का? रसिकाला आवडतात म्हणून मुद्दाम निवडली आहेत. तुम्हा तिघांवर, आणि त्या चौथ्यावर, माझा जीव आहे हे विसरू नका.

भाऊ

*

कोपर
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय भाऊ सर,
पाया पडतो.

मना पत्र लिहायची सवय नाय. चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही लिहिलंय, माणसाकडं खेळाशिवाय पन पुष्कळ असतं. उलट बोलत नाय सर, पन माझ्याकडं काय हाय ते एक तरी सांगा. मी शोधून बघितलं.

ग्राउंडवर मना काय पन होत नव्हतं. दम नाय लागायचा, छातीत नाय दुखायचं. आता घरात बसलो का धडधडतं. आईनं माझे बूट कुठं ठेवलेत ती सांगत नाय. दुपारी जरा पडलो तरी येऊन छातीवर हात ठेवते. मी जागा असतो, पन डोळे उघडत नाय. उघडले तर तिला लाज वाटंल.

बाबा नाचताना गेले. ज्यांनी बघितलं ते सगळे सांगतात का खूश होते.

मुकुल सर वाईट नाय. त्यांनी माझ्यासाठी खूप केलं. पन हल्ली ते माझ्याकडं बघतात ना, तवा मी मेलोय आन त्यांना माझी आठवण येते, असं बघतात. म्हणून मी त्यांच्याकडं बघत नाय.

तुमची तब्येत जपा. राग मानू नका.

तुमचा
नयन

*

डोंबिवली
२४ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊ,
सा. न. वि. वि.

आपण पुन्हा युनिव्हर्सिटी जिंकलो. फायनल दोन-शून्य. ही बातमी मी नाचत लिहायला हवी होती.

हाफटाइमला नयनने सांगितलं की त्यांचा लेफ्ट बॅक वळताना अडखळतोय, सगळे बॉल त्याच्या मागे टाका. दोन्ही गोल तिथूनच आले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतला, ट्रॉफी त्याच्याच हातात दिली. फोटोत तो हसतोय. मला वाटलं, चला, बसला हा आता यात. पुढेमागे चांगला कोच होईल. रसिकालाही तसंच वाटलं. आम्ही घरी येऊन श्रीखंड खाल्लं, भाऊ, इतके निर्धास्त झालेलो.

पुढच्या आठवड्यात तो प्रॅक्टिसला आलाच नाही. सहदेवला एकट्याला भेटून त्याने कॅप्टनची पट्टी परत दिली आणि म्हणाला, तुम्ही माझ्याशिवाय जिंकलात. बस एवढंच. आता सहदेव म्हणतो, हरलो असतो तर तो राहिला असता.

मुंबईच्या लीगमधल्या एका क्लबाने त्याला घेतलंय. कुठल्यातरी डॉक्टरचं फिट असल्याचं सर्टिफिकेट आहे. मी आणि रसिका सगळे रिपोर्ट घेऊन क्लबात गेलो. मॅनेजरने चहा पाजला, रिपोर्ट चाळले आणि म्हणाला, पोरगा सज्ञान आहे, डॉक्टरची सही आहे, आम्ही काय करणार. मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र पाठवलं, त्याला उत्तर नाही. लीगवाल्यांना भेटलो, ते म्हणाले क्लबला विचारा.

नयनला भेटायला तीनदा गेलो. एकदा भेटला. शांत होता. म्हणाला, सर, तुम्ही तुमचं काम केलंत. मी हात जोडले, खरंच जोडले. त्याने माझे हात धरून खाली केले.

काल रंभाताई कॉलेजात आली होती. जिमखान्यात माझ्यासमोर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सर, तुमचं तो ऐकायचा. बाहेर पोरं प्रॅक्टिस करत होती, त्यांचा आवाज येत होता.

मला काहीही सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा. नाही सुचलं तरी लिहा.

मुकुल

*

देवरुख
३ डिसेंबर २०२५

चि. मुकुल आणि सौ. रसिका,
अनेक आशीर्वाद.

यावेळी पत्र भाऊंऐवजी मी लिहितेय, कारण त्यांचे दोन कागद सुरू होऊन टोपलीत गेले. जेवण अर्धं झालंय. शाळेच्या मैदानावर जातात, पण शिट्टी वाजवत नाहीत. पोरी मला विचारतात, आजोबा आमच्यावर रागावलेत का? काल म्हणाले, मुकुलला सांग, काहीतरी कर. काय, असं मी पाटीवर लिहून विचारलं, तर मान हलवून आत गेले.

मुकुल, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. लहानपणी तुम्ही बापलेक जेवताना वाटाणे मांडून डावपेच करायचात आणि मी ते खाऊन टाकायचे, एवढाच माझा संबंध. पण तुझं पत्र वाचून एक साधी शंका आली. तुम्ही सगळे त्याला थांबवायच्या मागे आहात. तो थांबणार नाही, हे आता दिसतंय. मग तो खेळताना पडला, तर त्या मैदानावर काय लागेल? आणि ते तिथे कुणाकडे आहे? रसिकाला विचार. मूर्खपणाचं असेल तर सोडून दे.

दोघं वेळेवर जेवा. मोठ्या बहिणीने सांगितलेलं एकदा तरी ऐका.

तुझी
सरोजताई

*

डोंबिवली
२२ डिसेंबर २०२५

ती. भाऊ आणि सौ. ताई,
सा. न. वि. वि.

ताई, तुझं पत्र रसिकाने उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच हॉस्पिटलात गेली. छातीला शॉक द्यायचं मशीन असतं, डब्याच्या पिशवीएवढं. तिच्या मोठ्या डॉक्टरांनी मॅचच्या दिवसापुरतं न्यायची परवानगी दिली. मला आणि सहदेवलाही शिकवलं. रबरी पुतळ्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहायचं, थांबायचं नाही. सहदेवने इतक्या जोरात दाबलं की नर्सबाई म्हणाल्या, अहो, पुतळा आहे म्हणून वाचला.

काल ठाण्याला नयनची मॅच होती. आम्ही तिघं गेलो. निघताना कोपरला रंभाताई रस्त्यावर उभी होती, तिला कोणी सांगितलं माहीत नाही. न विचारता गाडीत बसली.

जाळीच्या बाहेर उभे राहिलो. रंभाताई मैदानाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मधून मधून विचारायची, उभा हाय ना? रसिका म्हणायची, आहे. इतकंच.

एवढी वर्षं मॅच बघतोय, पण अशी कधी बघितली नव्हती. स्कोअर किती झाला मला आत्ताही सांगता येणार नाही. तो धावला की रसिकाचा हात पिशवीच्या चेनवर जायचा. आणि भाऊ, काय खेळत होता तो! तुम्ही असतात तर ओरडला असतात. मला ओरडता येईना. एकदा तो मधोमध थांबला, वाकला, एक गुडघा टेकला. आम्ही तिघंही जाळीवर जाऊन आदळलो. मागून रंभाताईने विचारलं तेव्हा रसिकाने पिशवीची चेन अर्धी उघडली होती. तो बुटाची लेस बांधत होता. उठताना त्याने आम्हाला पाहिलं.

मॅच संपल्यावर जाळीपाशी आला. आईची पाठ त्याला दिसत होती. रसिकाला विचारलं, मॅडम, पिशवीत काय आहे. तिने सरळ सांगितलं. मला वाटलं चिडेल, अपमान वाटेल. सहदेव पाणी पुढे करत होता, ते त्याने घेतलं, प्यायला, आणि बराच वेळ बाटलीचं झाकण लावत बसला.

मग म्हणाला, सर, इथं उभं राहू नका. जाळीला वळसा घालून आत यायला वेळ जातो. बाकाजवळ बसा, मी मॅनेजरला सांगतो. शनिवारची मॅच कल्याणला आहे, मागचं गेट बंद असतं, पुढून या.

रंभाताई तेव्हा वळली. त्याच्याकडे न बघता तिने रसिकाच्या हातातली पिशवी घेतली, खांद्याला लावली आणि मला विचारलं, शनिवारी किती वाजता निघायचं.

भाऊ, शनिवारी आम्ही जाणार आहोत. त्याच्या पुढच्या शनिवारीही. पत्र पाठवत राहा.

तुमचा
मुकुल