दुपट्याची कड

घरधनिणीस सप्रेम नमस्कार.

लेकीच्या बाळंतपणास तू गेलीस आणि तुझे जुने शिवणयंत्र मी उघडले. त्यात बॉबिन सापडेना. शेजारचे शिंपी हसले, "अहो काका, चार दोरे, कड कापायला पातं! हे ओव्हरलॉक आहे, बॉबिन कुठून असणार? काकू बोलल्या नाहीत कधी?" त्यांनी सांगितल्याप्रमाणे लूपरचे, म्हणजे खालच्या आकड्यांचे, दोरे आधी व सुयांचे शेवटी ओवले. माझी वाकडी कड पात्यानेच छाटून टाकली, हे उत्तम झाले. नातवाचे दुपटे तयार आहे.

ते उद्या पाठवीन. हे पत्र पाठवणार नाही. तुझ्यावाचून घर खायला उठते, हे वाचून तू लेकीला तशीच सोडून निघशील.

तुझाच,
प्रकृतीने ठणठणीत असलेला