न भाजलेली देवी

गुरुजी, महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी मी तुमच्या देवीला अंघोळ घातली. कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत आली होती. फोन खांद्याशी धरून गावाकडे भावाशी बोलत होतो आणि हाताच्या सवयीनं पितळेच्या देवांबरोबर तिलाही ताम्हनात ठेवून वर तांब्या ओतला. पाणी गढूळ झालं तेव्हा कळलं. खांदे विरघळले होते. मुलगी धावत आली. "बाबा, तू तिला वॉश केलंस? शी इज नॉट इव्हन बेक्ड!" शाळेत तिला सध्या नदीकाठच्या प्राचीन संस्कृतींचा धडा आहे. "आणि ती देवीच कशावरून? टॉय असेल. त्या लोकांनी काही लिहूनच ठेवलं नाही ना."

मला आठवलं ते शाळकरी वयातलं प्रवरेकाठचं टेकाड. पूर ओसरलाय, दरड कोसळलीय आणि मातीच्या डबीत बोटभर उंचीची, डोकं नसलेली बाई सापडलीय. मी तिला धुवायला नदीकडे पळतो, तुम्ही दंड धरून मागं ओढता. "थांब गाढवा, कच्ची माती आहे ती!" मग एक तांबडं खापर हातावर ठेवून विचारता, "मडकी इतकी खणखणीत भाजणाऱ्या बाईनं हिला का नाही भाजलं? सापडलं उत्तर तर सांग." गाव सोडताना तुम्ही तीच डबी मला दिलीत. "पूजा कर, नको करू, तुझी मर्जी. पाणी तेवढं लावू नको."

उरलेली माती महिनाभर वाटीत होती. बायको म्हणाली, "चिकटवा आणि ठेवा. गुरुजींना कोण सांगायला जातंय?" पण मी तुमच्याच प्रश्नापाशी अडलो होतो. आपण शाडूचा गणपती भाजत नाही, कारण त्याला परत जायचं असतं. त्या बाईलाही काम झाल्यावर हिला नदीत सोडायचं असेल का? मग राहून का गेलं? बाळंतपणात गेली, की गावच उठलं? खरं सांगतो, हे उत्तर तिच्या मनातलं की माझी चूक झाकायला सुचलेलं, मला ठरवता येत नाही. तुम्ही आज असतात तर एका नजरेत ओळखलं असतं. म्हणून हे लिहिलं. हा कागद आता तिच्या रिकाम्या डबीत राहील.

आज सकाळी मुलीला घेऊन पिस्कॅटवेजवळ इथल्या रॅरिटन नदीच्या काठी गेलो. नमस्कार केला. ती हळूच म्हणाली, "पण बाबा, ही राँग रिव्हर आहे." ते मात्र मला सुचलंच नव्हतं, गुरुजी. तरी वाटी पाण्यात उपडी केली.