बोगद्याचं राहून गेलं

१२ जाने.
आधी सगळ्यांची हजेरी. ह्यांचा खोकला उतरला, विडी उतरली नाही. शेवंताचा गुडघा थंडीनं पुन्हा धरलाय, तरी सूनबाई पहाटेच वावरात. लेकाचा, रमेशचा फोन आला होता, ट्रक भिवंडीला उभा आहे, पाठ दुखते म्हणाला. नातीचं नाक वाहतंच आहे. गाय वैरणीला तोंड लावत नाही. माझं विचारणारं कोणी नाही, म्हणून मीच विचारते, बरी आहेस का सुभद्रे? बरी आहे. दमले आहे.

गुरुवारी साहेब येणार, लोकांचं म्हणणं ऐकायला. मालट्रकांचा मोठा रस्ता गाव आणि वावरं यांच्या मधून जाणार, दोन्ही अंगांनी भिंत. शेवंताची भाजीची पट्टी पलीकडे पडते. खालून बोगदा ठेवला तर आमची पांदण, वावरात जायची गाडीवाट, वाचेल. नाही तर पार केळझरकडून वळसा. डोक्यावर मेथी-सांबाराच्या जुड्यांचं गाठोडं, आणि त्यात तो गुडघा.

१३ जाने.
भाजीवाल्या बाया आल्या. "काकू, तुमीच बोला. तुमाले वाचता येते." शाळेचं तोंड पाहिलं नाही, पुड्यांचे कागद वाचून शिकले, त्याची ही शिक्षा. एकच वाक्य घोकून ठेवलं आहे: रस्त्याले ना नाई, खालून गाडीवाट पाह्यजे.
रमेशला सांगितलं. तो म्हणे, "माय, रस्ता होऊ दे व. आमा डायवर लोकायले दोन घास बसून खायले भेटतीन." तेही खोटं नाही. एकाच घरात एकाला रस्ता हवा, एकीला वाट. आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ जाने.
झाली सभा. काय लिहू.
आमच्या गावात पाहुणा शाल-नारळाशिवाय खाली बसत नाही. वीज तोडायला आलेल्यालाही चहा पाजून पाठवलेलं. आज साहेबाला शाल, इंजिनीयरला शाल, ड्रायव्हरलाही टोपी-रुमाल. साहेबाला शाल घालायला वयानं मोठी म्हणून मला पुढं केलं. साहेब म्हणजे पोरगाच, वाकून पाया पडला. गालफडं बसलेली. माझ्या तोंडून निघालं, "जेवलास का बापा?"
मग दिगांबर सरपंच उठला. त्यानं गावाच्या नावाची कमान मागितली, पुन्हा मागितली. साहेब म्हणाले, पैसा कुठं घालायचा ते आत्ताच ठरतंय, काही असेल तर आज बोला. मी उठेपर्यंत साहेबांचं घड्याळ पाहून झालं. "आजी, पुढच्या गावी लोक थांबलेत. तुम्ही लेखी द्या." तिळगूळ घेतला, गाडी गेली. बाया मागे ताडपत्रीवर तशाच बसून.
दाराशी येऊन शेवंता म्हणाली, "आत्याबाई, तुमी त्याले जेवला का इचारलं. बोगद्याचं राह्यलं."

२२ जाने.
दिगांबरनं अहवालाची प्रत आणली. ग्रामस्थांनी शाल-श्रीफळ देऊन प्रकल्पाचे स्वागत केले. हरकत: नाही. मागणी: कमान. सोबत फोटो, त्यात मी.
ह्यांना वाचून दाखवलं. हसता हसता खोकला चढला. "बुढे, तूनंच हार घातला आन आता नवरा नको म्हनते." मीही हसले. करणार काय.
शे. हसली नाही. वांगी निवडत होती. "पट्टी मक्त्यानं देऊन टाकू. फिरून जानं मले जमनार नाई." दगडगोटे वेचून तिनं ती पट्टी उभी केली.

२६ जाने.
झेंडा झाला, ग्रामसभा. बोगद्याचा ठराव घ्या म्हटलं. दिगांबर म्हणे, "काकू, स्वागत केलं ना आपन? आता विरोध केला तं गावाचं तोंड कुठं राहीन?"
म्हटलं, "पाहुण्याले जेवू घातलं म्हनजे घर त्याच्या नावानं करून देलं का रे?"
लोक हसले. पण तोवर जिलेबी संपलेली, निम्मे पुरुष घरी. कोरम नाही. सभा तहकूब. घरी येऊन पडून राहिले. अंग पिंजलेल्या कापसासारखं.

२९ जाने.
अर्ज मीच लिहिला. कागद वाया गेले पुष्कळ. शे. शेजारी जुड्या बांधत बसलेली. "भांडन नका लिहू. आन माह्या गुडघ्याचं बी नका लिहू. बैलगाडीचं लिहा. गुडघा माह्या एकटीचा हाय."
बायांच्या सह्या, कुणाचे अंगठे. संध्याकाळी दिगांबर आला, उभ्यानं वाचला, सगळ्यांच्या खाली सही केली. "सरपंच म्हनून नाई. दिगांबर म्हनून." जाताना दारातून, "कमानीचं खोडलं नाई ना काकू?"

२ फेब्रु.
भाजी विकून शे. आणि मी वर्ध्याच्या कचेरीत. बाबू म्हणाला, लेखी द्यायची मुदत सरली आहे, पण ठेवतो. शिक्का मारला. वरातीमागून घोडं, पण घोडं पोचलं तरी.
एसटीच्या थांब्यावर ती म्हणाली, "उन्हाळी पालक टाकू का मंग?" म्हटलं, थांब थोडी.
अर्जात शेवटी लिहिलं ते इथं उतरून ठेवते: रस्त्याला आमची ना नाही. खालून भरली बैलगाडी जाईल एवढी वाट ठेवा. ठेवणार असाल तर तसं सांगा, नसाल तर तेही सांगा, पण उत्तर लवकर लिहा साहेब. आमच्या घरच्या बाईला बी टाकायचं आहे.